तळाशी उरलेलं पांढरं

नोव्हेंबरचा दुसरा आठवडा लागला की आमच्या लॅबच्या पायरीवर पुड्या येऊन पडायला लागतात. वर्तमानपत्रात गुंडाळलेल्या, पेढ्याच्या खोक्यात घातलेल्या, लग्नपत्रिकेच्या पाकिटात कोंबलेल्या. आत द्राक्षाच्या पानांचे देठ. दसऱ्याच्या आगेमागे गोडी (म्हणजे फळांसाठीची) छाटणी झालेल्या बागा तेव्हा फुलोऱ्यात येतात आणि घडासमोरच्या पानाचा देठ नेमका त्याच दिवसांत तोडून आणायचा असतो. पान जागेवरच खुडून टाकायचं, नुसता देठ ठेवायचा, एका प्लॉटमधून शंभर-दीडशे तरी. बागेला कोणतं खत कमी पडतंय ते त्या देठावरून कळतं. प्लॅस्टिकच्या पिशवीत आणू नका, असं फोनवर दहादा सांगतो. तरी पाच पुड्यांमागं एक प्लॅस्टिकचीच निघते. आतून घामेजलेली, उघडली की आंबूस वास.

लॅब नाशिकात, औद्योगिक वसाहतीच्या कडेला. नाव सांगत नाही. पुढं जी चूक सांगणार आहे ती माझी आहे, पण रिपोर्टवर शिक्का लॅबचा होता.

एमएस्सी करून जूनमध्ये मी तिथं लागले. पहिल्या दिवशी घरी आल्यावर आईनं विचारलं, काम काय देतात?

"डायजेशन करायचं."

"म्हणजे?"

"पचन. ॲसिडमध्ये देठ पचवायचे."

"मग गाईला घाल की. दोन तासांत पचवून देईल, पगारही मागणार नाही."

आईचं अगदीच चुकत नव्हतं. गाय आणि आम्ही, दोघांनाही देठ मोडायचाच असतो. फरक इतकाच की गाईला त्यातलं खाण्यासारखं हवं असतं आणि आम्हाला नेमकं तेच नको असतं. सेल्युलोज, साखर, प्रथिनं, हे सगळं जाळून वाफ आणि वायू करून उडवायचं. मागं उरले पाहिजेत ते फक्त पालाश (म्हणजे पोटॅशियम), स्फुरद (म्हणजे फॉस्फरस), कॅल्शियम, मॅग्नेशियम, जस्त, लोह, मँगनीज, तांबं. तेही पाण्यात विरघळलेले आणि पाणी पिण्याच्या पाण्याइतकं नितळ. यंत्राला देठ वाचता येत नाही, त्याला पाणी लागतं. भट्टीत ५५० अंशांवर राख करूनही हे जमतं. बोरॉनसाठी आम्ही तसंच करतो, कारण बोरॉन काचेतूनच झिरपतो. बाकी मूलद्रव्यांना मात्र ॲसिड.

आता कृती. ऐकायला सोपी वाटते, म्हणून जरा रेंगाळूनच सांगते.

देठ आले की आधी धुवायचे. नळाचं पाणी, मग साबणाचं अगदी फिकं पाणी, मग हायड्रोक्लोरिकचं सौम्य पाणी, शेवटी डिस्टिल्ड. प्रत्येकात अर्धा-एक मिनिट, जास्त नाही. जास्त भिजवलं तर देठातला पालाशच पाण्यात उतरायला लागतो. मग टिपकागदावर पसरायचे आणि ओव्हनमध्ये ६५ ते ७० अंशांवर दोन दिवस ठेवायचे. कडक झाले की स्टीलच्या पात्याच्या मिक्सरमध्ये पूड. ही पूड वेलदोड्याच्या सालीच्या पुडीसारखी दिसते आणि वासाला सुक्या चाऱ्यासारखी येते. चार दशांशांच्या काट्यावर एक ग्रॅम मोजून कोनिकल फ्लास्कमध्ये. काट्याजवळ पंखा नको, मोबाईल नको, आणि मामांनी आणलेला चहा तर मुळीच नको. (लॅबमधल्या मदतनिसाला आपल्याकडं मामाच म्हणतात. आमचे मामा तिथं माझ्या जन्माच्याही आधीपासून आहेत.)

मग त्यावर दहा मिली कडक नायट्रिक ओतायचं आणि हूडखाली, म्हणजे धूर ओढून घेणाऱ्या काचेच्या कपाटात, रात्रभर तसंच ठेवायचं. सुरुवातीला मला हे वेळकाढूपणाचं वाटायचं. पण सकाळी बघितलं की पूड ओळखू येत नाही. विटकरी, दाटसर पाणी झालेलं असतं. लवकर जळणारं जे काही आहे ते नायट्रिकनं रात्रीतच खाल्लेलं असतं, सावकाश, फेस न आणता. दुसऱ्या दिवशी त्यात डायॲसिड घालायचं. नऊ भाग नायट्रिक, चार भाग परक्लोरिक. तोंडावर छोटं काचेचं नरसाळं ठेवायचं आणि फ्लास्क हॉट प्लेटवर चढवायचा.

आता रंग बघत बसायचं. ही माझी सगळ्यात आवडती वेळ. आधी तांबूस-तपकिरी धूर भसाभस निघतो, नायट्रोजन डायऑक्साइडचा. द्रावण काळपट, मग चहासारखं, मग गवती चहासारखं पिवळट होत जातं. तपकिरी धूर विरळ झाला की समजायचं, नायट्रिक संपत आलं. मग आच वाढवायची. १८०-२०० अंशांच्या घरात फ्लास्कच्या आत दाट पांढरा धूर कोंडून फिरायला लागतो. तो परक्लोरिकचा. नायट्रिक साधारण १२० अंशांवर उकळून निघून जातं, परक्लोरिकला २०३ अंश लागतात. त्यामुळं ते मागं थांबतं आणि शेवटचं चिवट जे काही उरलं असेल ते संपवतं. तळाशी दोन-तीन मिली बिनरंगाचं पाणी उरलं की उतरवायचं. कोरडं होऊ द्यायचं नाही. कधीच नाही.

या "कधीच नाही"वर सरांनी पहिल्या दिवशी मला तासभर बसवलं होतं. परक्लोरिक थंड असताना गरीब असतं. तापलं आणि त्याला नायट्रिकची सोबत न मिळता चरबी, तेल, लाकूड असं काही सापडलं की ते फुटतं. १९४७ साली लॉस एंजेलिसमध्ये एका मुलामा देण्याच्या कारखान्यात परक्लोरिक आणि ॲसेटिक अनहायड्राइडचं मिश्रण फुटलं आणि १७ माणसं गेली. हे सांगून सरांनी आमच्या हूडच्या लाकडी चौकटीकडं बोट केलं. तिथं आधीच्या कुणीतरी लावलेला लिंबू-मिरचीचा दोरा होता. "हा असू दे," म्हणाले, "पण चौकट बदलायची आहे." महिन्याभरात बदलली. धूर वाहून नेणाऱ्या नळीत आतून पाण्याचा फवारा बसवलेला आहे, तो रोज संध्याकाळी सोडायचा. नाहीतर परक्लोरेट नळीत साचत राहतं आणि एक दिवस दुरुस्तीला आलेल्या माणसाच्या पान्याखाली तडकतं.

नियम एकच: द्रावण पांढऱ्या धुरात असताना काळं पडायला लागलं तर फ्लास्क ताबडतोब खाली, थंड होऊ द्यायचा, वरून नायट्रिक. माझ्या हातून हे एकदाच घडलं. शेंगदाण्याचा नमुना होता, कुणाच्या तरी प्रोजेक्टचा, आणि मी तो देठासारखाच हाताळला. तेलकट वस्तूला रात्रभर नायट्रिक पुरत नाही. फ्लास्कच्या तळाला काळी कड दिसली आणि माझे पाय गार पडले. चिमट्यानं उचलून वाळूवर ठेवला, मागं सरकले, दहा मिनिटं नुसती उभी. काही झालं नाही. संध्याकाळी सिटी बसमध्ये हात थरथरायला लागले.

दुसरी भीती लाईटची. जूनमध्ये वळवाचा पाऊस आला आणि लाईट गेली, तेव्हा दहा फ्लास्क पांढऱ्या धुरात होते. लाईट गेली की प्लेट बंद होते हे खरं, पण ती गरम राहते आणि हूडचा पंखा मात्र तत्काळ थांबतो. धूर काचेखालून आमच्याकडं यायला लागला. सरांनी काच खाली ओढली आणि सगळ्यांना बाहेर काढलं. चहाच्या टपरीच्या ताडपत्रीखाली आम्ही पाऊण तास उभे होतो. टपरीवाल्यानं विचारलं, "काय ओ, आज सुट्टी?" आत परतल्यावर सरांनी गार झालेल्या प्रत्येक फ्लास्कमध्ये आधी नायट्रिक घालायला लावलं, मगच प्लेटचं बटण. पुढच्या आठवड्यात पंख्यापुरता इन्व्हर्टर आला.

बोटं तर पिवळी होतातच. नायट्रिकचा एक थेंब हातमोज्यातून झिरपला की कातडीतल्या प्रथिनांशी त्याची गाठ पडते आणि पिवळा डाग उठतो. साबण, लिंबू, बेसन, काहीही लावा, कातडी गळेपर्यंत जात नाही. चुलतबहिणीच्या हळदीला मी गेले तेव्हा आत्या म्हणाल्या, "हिला आधीच लावली वाटतं कुणी." त्यानंतर दोन वर्षं घरच्या प्रत्येक कार्यात तो विनोद झाला.

हातमोज्यांचाच एक धडा. प्रत्येक बॅचमध्ये एक फ्लास्क रिकामा लावतात. देठ नाही, फक्त ॲसिड. त्याला ब्लँक म्हणतात. सगळं बाहेरचं त्यात दिसतं: ॲसिडमधलं, पाण्यातलं, काचेतलं, आपल्या हातातलं. माझ्या ब्लँकमध्ये जस्त यायला लागलं, ०.१५ पीपीएम, म्हणजे दहा लाख भागांत ०.१५ भाग. आकडा चिल्लर वाटतो. पण आम्ही एक ग्रॅम पूड शंभर मिलीत नेतो, म्हणजे देठाच्या हिशोबात तो शंभरपट होतो. १५ पीपीएम. देठातच जस्त ३०-४० असेल तर त्यातलं निम्मं माझंच की! ॲसिडची बाटली बदलली, पाणी बदललं, फ्लास्क रात्रभर ॲसिडमध्ये भिजवले. शेवटी सापडले ते रबरी हातमोजे. रबर पक्कं करताना त्यात झिंक ऑक्साइड घालतात. मोजे बदलले, पुन्हा धुतलेले फ्लास्क घेतले, आणि ब्लँक खाली आला.

शेतकऱ्यांच्या बाबतीत हा घोळ उलट्या बाजूनं होतो. चांदवडकडचे एक आप्पा रिपोर्ट घेऊन तणतणत आले होते. मँगनीज आणि तांबं भलतंच चढलेलं, "तुमचं मशीन बिघडलंय." मी विचारलं, फवारणी कधी झाली? परवा एम-४५, त्याच्या आधी बोर्डो. आता एम-४५ म्हणजे मॅन्कोझेब, त्याच्या रेणूतच मँगनीज वीस टक्क्यांच्या आसपास आणि जस्त अडीच टक्के. बोर्डो म्हणजे तर मोरचूद आणि चुना, मोरचुदात पाव हिस्सा तांबं. देठावर वाळलेलं औषध धुण्यानं बरंच जातं, सगळं जात नाही. देठाच्या आत काय होतं आणि वर काय चिकटलं होतं, ते ॲसिडला कळत नाही. ते दोन्ही विरघळवतं आणि यंत्र दोन्ही मोजतं. आप्पांना हे पटवायला दोन चहा लागले. "म्हणजे मी औषधाचा रिपोर्ट काढला," ते म्हणाले. बरोबरच.

नत्राचं, म्हणजे नायट्रोजनचं, काम वेगळं चालतं, हे सांगायचं राहिलं. नायट्रिक म्हणजे नत्राचंच आम्ल, त्यात पचवून नत्र मोजायचा म्हणजे दुधात पाणी किती ते पाणी ओतून बघण्यासारखं. म्हणून नत्रासाठी गंधकाम्ल. डेन्मार्कच्या योहान केल्डालनं १८८३ साली कोपनहेगनला बिअरच्या कारखान्याच्या प्रयोगशाळेत धान्यातली प्रथिनं मोजायला ही रीत काढली, ती आजही जवळजवळ तशीच चालते. त्यात पोटॅशियम सल्फेट टाकतात, आम्ल जास्त तापावं म्हणून. मोरचूदही टाकतात. साहजिकच त्या फ्लास्कमधून पालाश किंवा तांबं मोजता येत नाही. एक देठ, दोन फ्लास्क.

आता त्या आठवड्याकडं येते.

नोव्हेंबर संपत आलेला. निफाडचा पारा रोज पेपरात पहिल्या पानावर. लॅबमध्ये सकाळी नऊला डिस्टिल्ड पाण्याच्या कॅनला हात लावला तर झिणझिण्या. पुड्यांचा ढीग एवढा की रोज चोवीस फ्लास्कची बॅच: बावीस नमुने, एक ब्लँक आणि एक "घरचा". घरचा म्हणजे सरांनी कधीतरी एकाच बागेतले किलोभर देठ दळून ठेवलेली बरणी. त्यातला पालाश आम्हाला पाठ होता, १.९ टक्के. विकतचे प्रमाणित नमुने मिळतात, अमेरिकेत सफरचंदाच्या पानांची पूड बाटलीत भरून विकतात, त्यात जस्त किती तर १२.५ पीपीएम, असं दाखल्यासकट. पण ते रोज वापरणं परवडत नाही. रोजच्या राखणीला आमची बरणीच.

भिंतीवर सरांच्या अक्षरातला कागद होता. त्यावर शेवटची पायरी अशी: "थंड झाल्यावर ५० मिली कोमट पाणी घालून चांगलं ढवळा. मग गाळा." कोमट का, ५० का, हे कागदावर नव्हतं आणि मी कधी विचारलं नाही. मला वाटायचं, थंडीत हाताला बरं वाटावं म्हणून असेल. पाणी तापवण्यात वेळ जातो. मी कॅनमधलं गार पाणी, पंधरा मिली, घालायला लागले. एक हिसका द्यायचा, व्हॉटमन ४२ नंबरच्या कागदातून गाळायचं, एकदा विसळायचं, आणि बाकीचं पाणी थेट शंभर मिलीच्या फ्लास्कमध्ये खुणेपर्यंत भरायचं. बॅचमागं अर्धा-पाऊण तास वाचत होता. मनातल्या मनात खूशही होते.

तळाशी पांढरी कणी दिसायची. ती आधीही दिसायची. सिलिका, वाळूचाच भाऊ. देठात थोडी असतेच, धुळीचीही असते, आणि या ॲसिडांना ती दाद देत नाही. नव्या माणसाला वाटतं पचन अपुरं राहिलं, मलाही जूनमध्ये वाटलं होतं. सर म्हणाले होते, ती राहणारच, गाळून टाक. त्यामुळं आता कणी जरा जास्त दिसत होती, जरा चकाकतही होती, तरी मी गाळून टाकत राहिले.

पालाश मोजणाऱ्या फ्लेम फोटोमीटरवर घरचा नमुना १.३ आला.

मी यंत्राला धरलं. आमचं फ्लेम फोटोमीटर घरच्यासारख्याच एलपीजीवर चालतं आणि त्याची पाणी ओढणारी बारीक नळी चोंदते. नळी साफ केली, सिलिंडर हलवून बघितला, २० पीपीएमचं प्रमाणद्रावण लावलं. चोख २०. पुन्हा घरचा नमुना, पुन्हा १.३. संध्याकाळचे सहा वाजलेले, सर पुण्याला गेलेले, बाहेर रिपोर्टसाठी तीन माणसं बाकड्यावर बसलेली. मी स्वतःला सांगितलं, बरणी जुनी झाली, पुडीनं ओल धरली असेल. ओल धरून १.९ चं १.३ व्हायला एक तृतीयांश वजन पाण्याचं लागेल, एवढं तोंडी गणित मला येत नव्हतं असं नाही. मी ते केलं नाही. रिपोर्ट दिले. दुसऱ्या दिवशीही, तिसऱ्या दिवशीही.

चौथ्या दिवशी मामा फ्लास्क विसळत होते. थंडी म्हणून त्यांनी किटलीतलं गरम पाणी बादलीत ओतलं होतं.

"ताई, ही तुमची वाळू विरघळती की."

मी मान वर न करता म्हटलं, "वाळू कशी विरघळेल मामा?"

"मग या, बघा."

बघितलं. फ्लास्कच्या तळाला पांढरे बारीक स्फटिक. मामांनी गरम पाणी घातलं, गोल फिरवलं, आणि साखरेसारखे गेले. शेजारच्या फ्लास्कमध्येही तसंच. तळाला राहिलं ते चिमूटभर, मळकट. ती खरी सिलिका.

मी तिथंच खाली स्टुलावर बसले. एमएस्सीला शिकलेलं सगळं एकदम आठवलं, उपयोग संपल्यावर. परक्लोरिकचे बहुतेक क्षार पाण्यात सहज विरघळतात: सोडियमचा, कॅल्शियमचा, मॅग्नेशियमचा, जस्ताचा. पालाशाचा नाही. पोटॅशियम परक्लोरेट २५ अंशांच्या शंभर मिली पाण्यात जेमतेम दीड-दोन ग्रॅम मावतो, बर्फाच्या पाण्यात पाऊणच. एक ग्रॅम देठात दोन टक्के पालाश म्हणजे वीस मिलिग्रॅम, त्याचं परक्लोरेट सत्तर मिलिग्रॅम. शंभर मिलीत ते सुखानं राहतं. पण मी पाणी घातलं पंधरा मिली, तेही गार, आणि त्यात उरलेलं दोन-तीन मिली परक्लोरिक आधीच ठाण मांडून बसलेलं. त्या गर्दीत पालाशाला जागाच नव्हती. तो खाली बसला आणि मी त्याला वाळू म्हणून गाळून टाकला. भरीला भर, जुन्या काळी पालाश मोजायची एक रीतच अशी होती, परक्लोरेटचे स्फटिक पाडायचे, गाळायचे आणि वजन करायचं. मी ते गाळत होते, फक्त कचऱ्यात.

त्याच द्रावणातला स्फुरद, जस्त, लोह सगळं बरोबर होतं. एका फ्लास्कमधून फक्त पालाश कमी येतो, याचाच अर्थ घोटाळा पुडीच्या ओलीचा नाही. हे पहिल्या संध्याकाळी सुचायला हवं होतं.

सरांना फोन केला. ते काही सेकंद गप्प होते. मग एकच विचारलं, "पूड आहे ना शिल्लक?" होती. "किती?" तीन बॅच, सहासष्ट नमुने. "आज रात्री नायट्रिकमध्ये घाल." ओरडले नाहीत. ओरडले असते तर बरं वाटलं असतं.

शनिवार-रविवार मामा आणि मी. हूडमध्ये एका वेळी चोवीसच बसतात. पाणी या वेळी किटलीत तापत होतं. घरचा नमुना पहिल्या बॅचला १.८८ आला, तेव्हा मामांनी न विचारता कॉलेज रोडवरून मिसळ आणली. जेवायच्या खोलीत, पाव रश्श्यात बुडवताना माझ्या लक्षात आलं की मी दोन दिवस नीट जेवलेच नव्हते.

सोमवारी फोन. सहासष्ट. बहुतेकांनी अजून काही टाकलं नव्हतं. काहींनी "बरं बरं" म्हणून ठेवला, त्यांनी पहिला रिपोर्टही उघडला नसावा. निफाड तालुक्यातल्या एका तात्यांनी मात्र त्याच दिवशी ड्रिपमधून शून्य-शून्य-पन्नास या पोटॅश खताची एक गोणी सोडली होती. माझ्या रिपोर्टनं त्यांना पालाश १.२ सांगितला होता. खरा निघाला २.१. म्हणजे बागेला गरज नव्हती. गोणीचे पैसे गेले ते गेलेच, वर पालाश जास्त झाला की वेल मॅग्नेशियम कमी उचलतो, त्याचा घोर वेगळा.

मी सगळं सांगितलं. चूक यंत्राची नाही, माझी, हेही. कोमट पाण्याचंसुद्धा सांगितलं, का कोण जाणे.

तात्या बराच वेळ ऐकत होते. मग म्हणाले, "म्हणजे तुम्ही पोटॅश गाळून फेकला आणि मला पोटॅश टाकायला लावला."

"हो."

"एक गोणी तुमची, एक माझी," ते म्हणाले आणि फोन ठेवला. हसले की चिडले ते कळलं नाही. सरांनी त्यांना गोणीचे पैसे देऊ केले, त्यांनी घेतले नाहीत. पुढच्या खरड छाटणीला ते आले नाहीत. मी वाट बघत होते, हे कबूल करते.

भिंतीवरचा कागद मी नव्यानं लिहिला. सरांच्या वाक्यासमोर कंसात कारण लिहिलं: पालाश तळाला बसतो. आता नवीन मुलं येतात, तेव्हा मी त्यांना मुद्दाम एक फ्लास्क गार पाण्यात करायला लावते आणि तळ दाखवते. मग मामा किटली घेऊन येतात. त्यांना हा प्रयोग फार आवडतो.

पुढच्या वर्षी नोव्हेंबरात तात्या आले. हातात वर्तमानपत्राच्या दोन पुड्या, एकीवर "विहिरीकडचा", दुसरीवर "रस्त्याकडचा". मला ओळख दाखवली नाही, मामांकडं पावती फाडली आणि गेले. मी त्या दोन्ही पुड्या स्वतः केल्या. कुणाला हात लावू दिला नाही. विहिरीकडच्याचा पालाश १.९४, रस्त्याकडच्याचा २.०१. बाकीचे आकडेही जवळजवळ.

रिपोर्ट न्यायला आले तेव्हा ते पहिल्यांदाच माझ्या टेबलापुढं बसले. दोन्ही कागद शेजारी शेजारी ठेवून बोटानं ओळ धरून वाचले. मग खिशातून चष्मा काढून पुन्हा वाचले.

"ताई, रस्त्याकडं माझा प्लॉटच नाही," ते म्हणाले. "एकाच ओळीतले देठ, दोन पुड्या केल्या."

मी काही बोलले नाही. मामा दारात थांबून ऐकत होते.

"आता मला सांगा," तात्यांनी दोन आकड्यांवर बोट ठेवलं, "हा शून्य पूर्णांक शून्य सात कुठून आला?"

मी वही उघडली, आणि मामा चहाला गेले.